भांगावर ठेव

काशा, सगळ्यात आधी हे सांगतो, कारण तू असतास तर दुसरं काही बोलूच दिलं नसतंस. तुझ्या होडीची मशीन चालू झाली. पहिल्यांदा दोरी ओढल्यावर नाही, तिसऱ्यांदा झाली, पण झाली. खाडीच्या तोंडापर्यंत गेली, बाहेर लाटांत गेली, परत आली, आणि एक थेंबही ओकली नाही. काल तुझ्या ओट्यावर बसून मी म्हणालो, आता मला जरा रडू द्या. तर भारतीवहिनी म्हणाल्या, "आधी चहा घ्या भाऊजी, गार होतोय." मग मी चहा घेतला.

आज तुला जाऊन अकरावा दिवस. तुझ्या घरी येणारे-जाणारे सगळे तुला देवमाणूस म्हणताहेत आणि मी मान डोलावतोय. देवमाणूस कसला रे? महाहट्टी होतास तू. दुसऱ्याचं हत्यार एकदा घेतलंस की परत द्यायचा विषयच नाही. माझा दहा-अकराचा पाना मी चार वर्षं शोधत होतो, गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकावर संशय घेऊन झाला. तो परवा तुझ्या होडीत फळीखाली सापडला. खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवला होतास. म्हणजे ढापलेल्या पान्याची माझ्यापेक्षा जास्त काळजी घेत होतास. तो मी परत आणलेला नाही, तिथेच ठेवला आहे.

आपली ओळखच मुळी ओव्हरफ्लोने झाली. तुझी बहीण भांडुपला दिलेली. तिच्याकडे जाताना चढावर तुझी स्कूटर बंद पडली आणि ती ढकलत तू माझ्या गॅरेजवर आलास. कार्बोरेटरमधून पेट्रोल टपकत होतं आणि तुझ्या अंगाला मासळीचा वास येत होता. मी चेंबर उघडला, पेट्रोल अडवणाऱ्या नीडलखाली अडकलेला कचऱ्याचा कण काढला, आणि स्कूटर चालू. तू आभारबिभार काही मानले नाहीस. म्हणालास, "होडीची मशीन बघशील काय?" मी म्हटलं, होडी मी फक्त लांबून बघितली आहे. "होडी मी बघतो, तू मशीन बघ," म्हणालास. त्या दिवसापासून तू मला नावाने कधी हाक मारली नाहीस. 'ए भांडुप' हेच माझं नाव झालं.

मी कोकणातला, हे तुला कधी पटलं नाही. बरोबरच होतं. आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी, समुद्रापासून लांब. बाबा गिरणीत लागले, मी भांडुपच्या चाळीत वाढलो. आई घरात मालवणी बोलायची, पण मासे मी ताटातच ओळखायचो. पहिल्यांदा वर्सोव्याला आलो तेव्हा ओहोटी होती, होड्या चिखलात आडव्या पडलेल्या, आणि मी तुला विचारलं, "इथलं पाणी कुठे गेलं?" वाळत घातलेल्या बोंबलांमागून बायका खो-खो हसल्या. "कोकणातला म्हणे," तू म्हणालास. "पाण्याची भाषा तुना येत नाय रे." हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. ते ध्यानात ठेवायला हवं होतं.

जेट, म्हणजे पेट्रोल जायचं ते बारीक भोक, साफ करायला मी तार वापरायचो. तू एकदा बघितलंस आणि माझ्या हातातून तार काढून घेतलीस. म्हणालास, तारेने भोक मोठं होतं, मग मशीन जास्त पिते. आणि खिशातून तंगूस काढलास, जाळ्याचा तो नायलॉनचा दोरा. त्याचं टोक तिरकं कापून जेटमधून ओवून दाखवलंस. तीस वर्षं कार्बोरेटर खोलणाऱ्या माणसाला एका कोळ्याने गॅरेजमध्ये येऊन शिकवावं, हे मला फार लागलं. तू गेल्यावर मी गुपचूप तार फेकून दिली. तुझी ती तंगुसाची रीळ अजून खिळ्याला टांगलेली आहे.

खरं सांगायचं तर गेली काही वर्षं कार्बोरेटर घेऊन माझ्याकडे येणारा तूच उरला होतास. आता सगळ्या गाड्या इंजेक्शनवर. पोरं येतात, गाडीला वायर जोडतात, मोबाइलवर बघतात काय बिघडलंय ते. मी ऑइल बदलतो, ब्रेकचे पॅड बदलतो. वर्षातून एकदा, मासेमारी बंद असताना, तुझं इंजिन यायचं, आणि तेवढे दोन दिवस मी पुन्हा मिस्त्री व्हायचो. हे तुला कधी बोललो नाही. तुला कळलं असावं, कारण काही बिघडलेलं नसतानाही तू ते आणायचासच.

आपली वाटणी ठरलेली होती: जेट, पॅकिंग, सफाई माझी, फ्लोट तुझा. चेंबरमध्ये पेट्रोल किती उंचीवर थांबायचं ते फ्लोट ठरवतो, आणि ती उंची तू स्वतः लावायचास, माझ्याकडे पाठ करून. यंदा मात्र शिंगाळा माशाचा काटा लागून तुझा उजवा हात कोपरापर्यंत सुजला होता. नीडलही झिजलेली, नवी घालायची, म्हणजे फ्लोट पुन्हा लावणं आलंच. तेव्हा तू श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणावर, मार्करने, डाव्या हाताने वेडंवाकडं लिहून दिलंस: भांगावर ठेव.

बस. दोन शब्द. आणि मला ते नीट समजले, काशा. पुरते समजले. त्याचीच तर भानगड झाली.

माझे उस्ताद, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, चेंबरच्या बाहेरून जी ओतकामाची बारीक आडवी रेघ असते तिला भांग म्हणायचे. केसातला भांग, तसा. मी मनात म्हटलं, वा, काशालापण आमचा शब्द माहीत आहे. चेंबरच्या खालच्या बाजूला पारदर्शक नळी लावली, ती उभी धरली, आणि नळीतलं पेट्रोल बरोब्बर रेघेवर येऊन थांबेपर्यंत फ्लोटची पितळी जीभ वाकवत राहिलो. त्या जिभेवर आधीपासूनच एक वळी होती, तुझ्या हाताची. ती मी सरळ केली. वाटलं, बिचाऱ्याचं माप जरा चुकलंय, आपण सुधारून द्यावं.

त्यानंतर काय झालं ते तुला माहीत आहे. पौर्णिमा झाली, होड्या सुटल्या, आणि तुझा फोन.

"ओकते रे ती. सगळं पेट्रोल पाण्यात."

"तू घाण पेट्रोल भरतोस."

"फ्लोट भांगावर ठेवलास काय?"

"भांगावरच आहे!"

"नाय हाय!"

"काशा, मी डोळ्यांनी बघून लावलाय. तंतोतंत भांगावर."

"भांगावर असता तर ओकली असती काय? मना शिकवतंस?"

"तीस वर्षं हेच करतोय मी!"

"तुझ्या गाड्या रस्त्यावर चालतात. रस्ता हलत नाय."

असं दोन-अडीच महिने. हात बरा झाल्यावर तू स्वतः पाच मिनिटांत नीट केलं असतंस. पण नाही. "ज्यानं बिघडवली त्यानंच नीट कराची." पेट्रोलची नळी हाताने चिमटून धरत, मधूनमधून सोडत, तू होडी चालवत राहिलास, आणि मी दर आठवड्याला म्हणत राहिलो, या रविवारी येतो. शेवटच्या फोनला तू म्हणालास, "भांगावर ठेव म्हटलं ना तुना? मग? ठेवतो फोन, पाणी चढतंय." मी बंद फोनला एक शिवी हासडली. तो मंगळवार होता, आणि गुरुवारी दुपारी तू बंदरावर बसल्या जागी गेलास.

वहिनींना मी पहिला प्रश्न काय विचारला माहितेय? लाज वाटते, पण विचारला. त्या वेळी मशीनची दोरी ओढत होता का तो? वहिनींनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं असणार. म्हणाल्या, "नाय भाऊजी. मशीनला हातपण नव्हता लावला. जाळं शिवत व्हते." हे एवढं त्यांनी सांगितलं म्हणून मी आज उभा आहे. त्यांचे हे उपकार तुझ्या उपकारांपेक्षा मोठे आहेत.

दुसऱ्या दिवशी ठरवाठरवी सुरू झाली. दहाव्याला तुझ्या अस्थी समुद्रात सोडायच्या. तुझे थोरले चुलतभाऊ दिनूभाऊ म्हणाले, माझ्या मोठ्या बोटीतून नेऊ. वहिनी म्हणाल्या, "त्यांच्या होडीतूनच जातील." दिनूभाऊ म्हणाले, "मशीन धड चालत नाय तिची. मग दोरी लावून ओढून नेऊ." त्यावर सगळ्यांना तो किस्सा आठवला. मढच्या समोर इंजिन बंद पडलं असताना तीन बोटींनी तुला दोरी टाकली होती. तू तिन्ही परत फेकल्यास आणि वल्हं मारत घरी आलास, दोन तास. 'माझी होडी दुसऱ्याच्या दोरीनं जायची नाय.' आणि आता शेवटच्या फेरीला दोरी. रूपाने, तुझ्या पोरीने, शाळेत मुलांना गप्प करते त्या आवाजात विचारलं, "काका, दहाव्यापर्यंत होईल का?"

मी म्हटलं, होईल. झालं नसतं तर तुझ्या दारात पुन्हा तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती.

इंजिन रिक्षात घातलं. मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेलं, पंखा बाहेर, आणि शेजारी मी त्याला धरून बसलेलो. आरेतून जाताना रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, "पेशंट आहे का?" मी हो म्हणालो. तो खड्डे चुकवत गाडी हळू चालवायला लागला.

मग मी नेहमीच्या क्रमाने गेलो. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मोकळं. नळी बदलली. हाताने दाबून पेट्रोल चढवायचा रबरी फुगा तपासला. कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या नळीतून तोंडाने फुंकलं, हवा थांबली, म्हणजे नीडल बसतेय. फ्लोट गरम पाण्यात बुडवला, बुडबुडा नाही, म्हणजे फुटलेला नाही. जेटमधून तुझा तंगूस ओवला. पॅकिंग नवं. मग नळी लावून पातळी बघितली: रेघेवर. तंतोतंत. नवी नीडलसुद्धा पुन्हा नवी घातली, उगाच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाण्याच्या ड्रममध्ये इंजिन उभं करून दोरी ओढली. काशा, काय आवाज होता! गल्लीतली माणसं बाहेर आली. पाऊण तास चाललं, चेंबरखाली थेंब नाही. मी लोकांना सांगत सुटलो, कार्बोरेटर आहे हा, कार्बोरेटर, ऐका. शेजारचा फरसाणवाला म्हणाला, झकास. मी तुला मनातल्या मनात म्हटलं, बघ, आहे की नाही भांगावर.

पाचव्या दिवशी होडीला लावलं. खाडीत भरतीचं पाणी होतं. दोन दोऱ्यांत चालू झालं, मी हात वर केला, आणि अकराव्या मिनिटाला ते खोकलं, पांढरा धूर सोडला आणि बसलं. कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल वाहत होतं. पाण्यावर रंगीत पट्टा पसरला. प्लग काढला तर ओला चिंब. सुकवून पुन्हा लावलं, पुन्हा अकरा मिनिटं. दिनूभाऊ किनाऱ्यावर उभे होते. चांगला माणूस आहे, टोमणा मारला नाही. फक्त जाताना म्हणाले, "दोरी तयार ठेवतो मिस्त्री, लागली तर."

मिस्त्री म्हणाले ते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहावा दिवस, सातवा दिवस. तुझ्या ओट्यावर कार्बोरेटर खोलून बसलो. पितळ इतकं पुसलं की त्यात तोंड दिसायला लागलं. बायका येत होत्या, रडत होत्या, जात होत्या, आणि मधोमध मी पेट्रोलच्या वाटीत हात घालून बसलेला. कुणीतरी विचारलं, हे कोण? वहिनी म्हणाल्या, "त्यांचा भांडुप." सातव्या दिवशी मला तुझा इतका राग आला, म्हणून सांगू. वाटलं, मुद्दाम गेला हा. आयुष्यभराची एक लढाई होती आपली, ती अर्धी टाकून पळाला, आणि जाता जाता इंजिनात काहीतरी खोडी करून ठेवली. मी खरंच मोठ्याने म्हणालो, "सांग ना रे, काय चुकतंय?" ओट्यावरची मांजर तेवढी उठून गेली.

आठव्या दिवशी दुपारी वहिनी आणि रूपा भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभ्या होत्या. मी स्क्रू आवळत होतो, माझं लक्ष नव्हतं.

"दहाव्याला अष्टमी येते," वहिनी म्हणाल्या. "भांग हाय. पाणी थोडंच चढंल. सातच्या आत होडी काढली नाय तर चिखलात बसंल."

माझा हात थांबला.

"वहिनी, काय आहे म्हणालात?"

"अष्टमी."

"त्याच्यानंतर."

"भांग."

"केसातला?"

रूपाने आईकडे बघितलं. आधीच एक माणूस गेलाय, आता काकांचं पण काहीतरी व्हायला लागलं, असा चेहरा.

"केसातला कसला?" वहिनी म्हणाल्या. "पाण्याचा भांग. पुनवेला-आवसेला उधाण, अष्टमीला भांग. उधाणात पाणी पार वर येतं. भांगाला खालीच थांबतं. इतकी वर्सं आमच्यात येताय, तुमाला म्हाईत नाय?"

मी पिशवीतून झाकण काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तुझं डाव्या हाताचं अक्षर बघितलं, त्यावरून बोट फिरवलं, आणि वाचलं, "भांगावर ठेव."

"याचा अर्थ काय, वहिनी?"

"पाणी कमी ठेव. आणखी काय?"

काशा, मी हसायला लागलो. दुखवट्याच्या घरात, आठव्या दिवशी, म्हाताऱ्या बायका बसलेल्या असताना, पोट धरून हसलो. मग ते हसू कधी दुसरीकडे वळलं ते मलाही कळलं नाही. अडीच महिने आपण फोनवर भांडलो, तू म्हणायचास भांगावर ठेव, मी म्हणायचो भांगावरच आहे, आणि दोघेही खरं बोलत होतो! एकदा जरी समोर बसलो असतो, एकदा जरी मी त्या रेघेवर बोट ठेवून दाखवलं असतं, तर तू मला पाण्यात ढकललं असतंस आणि विषय संपला असता. मी रविवारी यायला हवं होतं. हे एवढंच माझ्याकडून राहिलं, आणि हे कुठल्याही पान्याने आता सुटायचं नाही.

सगळं डोळ्यांसमोर आलं. माझा ड्रम हलत नव्हता. ड्रममध्ये इंजिन सरळ उभं होतं, होडीला ते तिरकं लागतं आणि लाटेबरोबर डोलतं. चेंबर रेघेपर्यंत भरलेला असला की प्रत्येक डुलकीला पेट्रोल वरून सांडणार, फ्लोट आपटणार, नीडल उघडणार. पुस्तकातलं माप सरळ उभ्या इंजिनाचं. तू ते तुझ्या खाडीपुरतं कमी केलं होतंस, आणि त्या मापाला तुझ्याकडे शब्द होता. रस्ता हलत नाय, असं तू सांगितलंही होतंस. मी ते भांडण समजून ऐकलं, माहिती समजून ऐकलंच नाही.

तिथल्या तिथे चेंबर उघडला. चष्मा पुसून फ्लोटची पितळी जीभ उन्हात धरली. मी सरळ केली होती तरी तुझी वळी पुसली गेली नव्हती, केसाएवढी खूण होती. त्याच खुणेवर मी ती पुन्हा वाकवली. नळी लावली. पेट्रोल चढत चढत आलं आणि रेघेच्या खाली, करंगळीच्या नखाएवढं खाली, थांबलं. किती वाकवायचं ते मला मोजावंच लागलं नाही, तू मोजून ठेवलं होतंस.

पण तपासून बघायला मिळालं नाही. ड्रममध्ये चालणार हे माहीतच होतं, ड्रम आधीही पास झाला होता. आणि नवव्या दिवशी माझ्याकडून होडीला इंजिन बसवून होईपर्यंत पाणी उतरलं, होडी चिखलात. म्हणजे परीक्षा थेट दहाव्यालाच.

सकाळी सहाला बंदरावर पोचलो. पाणी आलं होतं, जेमतेम. होडी नुसती तरंगत होती. रूपाच्या मांडीवर लाल कापडात बांधलेला कलश, शेजारी वहिनी, मागे मी. दिनूभाऊ त्यांच्या बोटीत, खांद्यावर दोरीचं वेटोळं. किनाऱ्यावर अर्धा कोळीवाडा उभा. तू करायचास तशी मी इंजिनाच्या डोक्यावर एक थाप मारली आणि दोरी ओढली. काही नाही. दुसरी ओढली. फुर्र केलं आणि गप्प. पाणी उतरायला आता फार वेळ उरला नव्हता, आणि दिनूभाऊंनी दोरी खांद्यावरून हातात घेतलेली मी बघितली.

"भाऊजी," वहिनी मागे न वळता म्हणाल्या, "चोक आत दाबा. भिजवताय परत."

मी खाली बघितलं. चोक सबंध बाहेर ओढलेला. तीस वर्षांचा मिस्त्री! चोक दाबला, श्वास घेतला, तिसरी दोरी ओढली, आणि ते लागलं.

लागलं म्हणजे काय लागलं! एकसारखा, घट्ट आवाज, मधे कुठे गचका नाही. किनाऱ्यावर कुणीतरी शिट्टी मारली आणि लगेच, दहावा आहे हे आठवून, गप्प झालं. वहिनींनी पदर तोंडाशी नेला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मी पाठीकडून बघून सांगू शकत नाही. रूपाने कलश आईकडे दिला, मला बाजूला सरकवलं आणि मशीनचा दांडा हातात घेतला. पोर तुझ्यासारखीच बसते, एक पाय दुमडून.

मी घड्याळाकडे बघत होतो. सात मिनिटं. नऊ मिनिटं. खाडीचं तोंड आलं, होडी उडायला लागली, इंजिन डोलायला लागलं. दहा. माझा हात नळीवर, चिमटायला तयार. अकरा. लाट आली, होडी चढली, उतरली. बारा. तेरा. मी नळीवरचा हात काढून घेतला. मागे बघितलं तर दिनूभाऊंनी दोरीचं वेटोळं बोटीच्या तळाशी टाकलं होतं आणि दोन्ही हात जोडून उभे होते, देवाला की मशीनला कुणास ठाऊक.

बाहेर गेल्यावर रूपाने आवाज कमी केला, पण इंजिन बंद केलं नाही. समुद्रात मशीन बंद करायची नाही, हा तुझाच नियम. मंद आवाजात ते चालू होतं, आणि त्यावर वहिनींनी तुला पाण्यात सोडलं. उधाणात गेला होतास, भांगाच्या पाण्यात निघालास. नारळ तरंगत तरंगत लांब गेला. मला मंत्र येत नाहीत. मी इंजिन ऐकत होतो. वहिनीपण ऐकत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्यांचाच आवाज हाय हा. दोन महिने नव्हता."

परत आलो. स्वतःच्या मशीनवर, चिखल लागायच्या आत. सगळे उतरले तरी मी होडीत थांबलो. इंजिनाचं झाकण काढलं आणि चेंबरच्या खालून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, पॅकिंगच्या कडेने. बोट वर धरून उन्हात बघितलं. कोरडं.

वहिनी म्हणतात होडी घरातच राहील, रूपा रविवारी चालवेल, आणि वर्षातून एकदा मशीन भांडुपला यायची ती येतच राहील. फ्लोट मात्र रूपाला लावायला शिकवायचा, तिच्याकडे पाठ न करता, असं मी ठरवलं आहे.

एक उत्तर राहिलं होतं तुझं. त्या मंगळवारी तू विचारलंस, "भांगावर ठेव म्हटलं ना तुना? मग?" आणि पाणी चढतंय म्हणून फोन ठेवलास.

ठेवला रे, काशा. तुझ्या भांगावर ठेवला.